मला लोखंड म्हणणाऱ्या साहेबांना

साहेब, तुम्ही मला लोखंड म्हणालात. नुसतं म्हणून थांबला नाहीत, रजिस्टरात तसं लिहून घेतलंत. हात लावून बघितलं नाहीत, उचलून बघितलं नाहीत, ज्याच्या अंगणातून मला उपटलं त्याला धड विचारलंही नाहीत. आणि एका भल्या माणसाची बोलती अकरा वर्षं बंद केलीत. तुमचं नाव मला ठाऊक आहे. मी ते घेत नाही, कारण तुमच्या खुर्चीत तुमच्यानंतर पाच जण बसले आणि पाचांनीही मला तिथंच पडू दिलं. तुमची कचेरी कुठल्या गावची तेही सांगत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. हा राग तुमच्यावर नाही. तुम्हाला मी माझी हकीकत सांगणार आहे, ती नीट बसून ऐका.

मी अँटेना आहे. उभा, जुना, चोवीस वर्षांचा. छपरावर टीव्हीसाठी काड्यांचा सांगाडा असतो तसला मी नव्हे. माझी एकच सरळसोट दांडी, बावीस फुटांची. माझ्यातून माणूस बोलतो आणि माझ्यातूनच ऐकतो. मधे टेलिफोनची तार नाही, कुणी ऑपरेटर नाही. परीक्षा देऊन, सरकारचा परवाना काढून, निव्वळ हौसेखातर दूरदूरच्या लोकांशी असं बोलणाऱ्या माणसाला हॅम म्हणतात. यात एक पैसा मिळत नाही. म्हणूनच पुष्कळांना संशय येतो. फुकट बोलणारा माणूस आपल्याकडे कुणाला खरा वाटत नाही.

आष्टी गाव परभणी जिल्ह्यातून निघून नव्या जालना जिल्ह्यात आलं, त्या एक्क्याऐंशी साली माझा जन्म झाला. मला घडवलं ख्वाजामियाँनी. आष्टीच्या बाजारात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, मागं घर आणि अंगण. आठवी शिकलेला हा माणूस हैदराबादला जाऊन हॅमची परीक्षा देऊन आला. पहिल्यांदा नापास झाला, पुन्हा गेला, पास झाला. मग जालन्याच्या भंगारातून त्यांनी ॲल्युमिनियमच्या तीन नळ्या निवडून आणल्या. एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी, अशा बेताने बसवल्या आणि जोड पट्ट्यांनी आवळले. विजेच्या खांबावरचं टाकून दिलेलं चिनीमातीचं जाड भांडं माझ्या पायाखाली ठेवलं, म्हणजे माझं अंग जमिनीला टेकू नये. राहिलं माझ्या कमरेचं वेटोळं. ते तांब्याच्या तारेचं. ते काम शेजारच्या कचरूचं. कचरू विहिरीवरच्या मोटारी भरायचा. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची, यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता.

"किती फेरे देऊ, मियाँ?"

"बत्तीस."

"छत्तीस देतो की. जादाचं काय जातंय?"

"कचरू, ही पाच एचपीची मोटार न्हाई. फेरे चुकले तर मी बोलत राहीन अन् कुणालाच ऐकू जाणार न्हाई."

"मंग आत्ता घरात तुमचं कोण ऐकून राह्यलंय?"

दारात उभी असलेली कमरबी पदर तोंडाला लावून हसली. कमरबी म्हणजे ख्वाजामियाँची बायको. माझं जन्मकाम जितकं त्यांचं, तितकंच तिचं. कारण मित्रांनो, वर दिसतो तो निम्माच मी. माझ्या पायापासून तांब्याच्या चोवीस तारा, बैलगाडीच्या चाकाला आरे असतात तशा, चहूकडे अंगणात पुरलेल्या. त्या नसतील तर वरचा मी नुसता बांबू. त्या तारांसाठी वीत-वीत खोल नाल्या कमरबीनं खुरप्यानं पाडल्या. आष्टीची काळी जमीन, उन्हाळ्यात दगड. तिचे हात आठ दिवस सोललेले होते.

मी उभा राहिलो आणि सातव्या मिनिटाला माझ्यातून गुंटूरचा माणूस बोलला. ख्वाजामियाँ खुर्चीवरून उठून उभेच राहिले, जणू पाहुणा दारात आला.

पुढची बारा-तेरा वर्षं मी किती आवाज अंगावर घेतले, सांगता येत नाही. केरळातला कॉफीवाला, सिलोनचा मास्तर, रशियातला कुणी, त्याची भाषा ख्वाजामियाँना येत नव्हती आणि ह्यांची त्याला. तरी दोघं वीस मिनिटं बोलले. गावातली माणसं म्हणायची, "मियाँ, आमच्या पंढरीनाथाचं लगीन जमंना, रशियात एखादी बघा की." ख्वाजामियाँ म्हणायचे, "बघतो, पण ती शेणगोठा करायची न्हाई." लोक हसायचे. थट्टा असली तरी ती आपल्या माणसाची थट्टा होती.

मग त्र्याण्णव साल आलं. सप्टेंबरच्या तीस तारखेला पहाटे जमीन हादरली. आष्टीत फक्त भांडी वाजली, पण खाली लातूर-उस्मानाबादकडं गावंच्या गावं बसली. टेलिफोन मेले. आमच्या भागातल्या कितीतरी लेकी तिकडं दिलेल्या. सकाळी आठच्या आत अंगणात माणसं जमली. ख्वाजामियाँ पाच दिवस त्या खुर्चीवरून हलले नाहीत. तिकडच्या छावण्यांत हॅम लोक जाऊन बसले होते. ते नावं वाचायचे, हे कागदावर उतरवायचे. शेजारची सगुणाबाई तीन दिवस माझ्याजवळ जमिनीवर बसून होती. तिची लेक औशाकडं. तिसऱ्या दिवशी माझ्यातून नाव आलं, मागोमाग "सुखरूप" हा शब्द आला. सगुणाबाई रडली नाही. उठली, माझ्या दांडीला दोन्ही हात लावले आणि घरी जाऊन चूल पेटवली. तीन दिवस तिनं चूल पेटवली नव्हती.

साहेब, त्या वर्षी तुमच्याच कचेरीत तुमच्या आधीच्या साहेबांनी ख्वाजामियाँना शाल घातली, नारळ दिला. फोटोही काढला. तो फोटो तुमच्या भिंतीवर होता, तुमच्या खुर्चीच्या बरोबर मागं. म्हणून तुम्हाला दिसला नसेल.

तुम्ही पुढच्या उन्हाळ्यात बदलून आलात. गावातल्या कुणा टीव्हीवाल्यानं तक्रार केली की रविवारची मालिका लागली की पडद्यावर रेघा येतात. येत असतील. ती रेघ कशी घालवायची हे ख्वाजामियाँना दहा मिनिटांत जमलं असतं. पण त्यांना कुणी सांगितलंच नाही. तुमची जीप आली.

"हे काय आहे?"

"अँटेना साहेब. हॅमचा. लायसन आत भिंतीला लावलंय, बघून घ्या."

"कुणाशी बोलता?"

"जो मिळेल त्याच्याशी."

"म्हणजे बाहेरच्या लोकांशी."

"कधी सिलोन, कधी रशिया. साहेब, आत या ना, चहा घ्या. लायसन…"

"नाव काय म्हणालात?"

"ख्वाजामियाँ."

"हं," तुम्ही म्हणालात.

त्या "हं"वर मी अकरा वर्षं विचार केला. पडून राहिलेल्याला दुसरं काम काय? घराच्या दारावर दुसरं एखादं नाव असतं, तर तुम्ही चहा पिऊन, रशियाच्या गप्पा ऐकून गेला असता. हे खोटं असेल तर सांगा खोटं आहे म्हणून.

तुम्ही भिंतीकडं बघितलं नाहीत. झाडाखाली रजिस्टर घेऊन बसलेल्या तुमच्या लिहिणाऱ्याला म्हणालात, "लोखंडी खांब एक, लिही." आणि ख्वाजामियाँना म्हणालात, "चौकशी होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही." मला उपटून नेलंत, पण रेडिओचा सेट तुम्ही नेला नाहीत, कारण दुकानातल्या चाळीस रेडिओंत तो कुठला हे तुम्हाला ओळखूच आलं नाही. ख्वाजामियाँना दुसरी तार टांगून दुसऱ्या दिवशी बोलता आलं असतं. कचरू म्हणालाच, "टांगा मियाँ, कोन बघतंय?" पण ते म्हणाले, "साहेबानं न्हाई म्हणलंय ना. चौकशी होऊ दे. बराबर निघंल सगळं."

मित्रांनो, कायदा पाळणाऱ्या माणसाची शिक्षा कधी संपत नाही, हे मी तिथं शिकलो. परवान्याची मुदत संपली की ख्वाजामियाँ नवा करून आणायचे. नवा परवाना भिंतीवर लावायचे, आणि गप्प बसायचे. वर्षातून दोनदा एसटीनं कचेरीत जायचे. "चौकशीचं काय झालं?" "चालू आहे."

आणि मी? मी कचेरीच्या मागच्या आवारात, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगावर पडलो. एका वर्षी माझा मांडवाचा खांब केला. एका वर्षी माझ्यावर सतरंज्या वाळत घातल्या. माझ्या कमरेचं वेटोळं कुणी तांब्यासाठी तोडून नेलं. सगळ्यांत बरे दिवस दिले ते नंदाबाईनं. नंदाबाई कचेरीत शिपाई होती, झाडलोटही तिच्याकडंच. तिनं मला भिंतीशी उभं केलं आणि माझ्या बुडाशी दोडक्याचं बी लावलं. अकरा पावसाळ्यांत माझ्यावर नऊ वेळा वेल चढला. माझ्यातून आवाज जात नव्हता, पण निदान माझ्या अंगाखांद्यावर काहीतरी वाढत होतं. अख्ख्या कचेरीत तेवढंच काय ते वाढत होतं.

दोन हजार पाच साली मार्च महिन्यात आवारातल्या भंगाराचा लिलाव ठरला. हा खांब आष्टीच्या कुणा चौकशीवाल्या मियाँचा, एवढं नंदाबाईनं कचेरीत ऐकलं होतं; ती त्याच आठवड्यात आष्टीच्या बाजाराला गेली आणि विचारत विचारत दुकानाशी पोचली.

"तुमीच का ते चौकशीवाले मियाँ?"

"मीच. काय झालं चौकशीचं?"

"चौकशीचं मला काय ठावं! तुमचा खांब इकून राह्यलेत. सोमवारच्या आत या. अन् त्यो लोखंड न्हाई. मी एका हातानं उचलते त्याला, अन् अकरा पावसात गंजाचा एक ठिपका न्हाई. म्हणलं, कुनाचं तरी चांगलं सामान हाये, मातीमोल जाईल."

ख्वाजामियाँ आता पासष्टीचे. डोळ्याला जाड भिंग. कचरूनं ओळखीची जीप काढली आणि दोघं कचेरीत पोचले. टेबलावर देवानंद नावाचा कारकून होता. माणूस वाईट नव्हता. रजिस्टरच्या बाहेरचं जग त्याला दिसत नव्हतं, इतकंच.

"ॲल्युमिनियमचा अँटेना?" त्यानं पान उलटलं. "असलं काही जप्त नाही. लोखंडी खांब एक, एवढंच आहे."

"तोच तो, साहेब. लिहिताना चूक झाली."

"रजिस्टर चुकत नसतं, चाचा."

ख्वाजामियाँनी खिशातून स्पीकरचा लोहचुंबक काढला. जुन्या स्पीकरच्या मागं असतो तो, वाटोळा. तो त्यांनी कचेरीच्या कपाटाला लावला. टक्कन चिकटला. "हे लोखंड." मग सगळे मागं आवारात आले. चुंबक त्यांनी माझ्या अंगाला लावला आणि हात सोडला. चुंबक मातीत पडला. दुसऱ्यांदा लावला, दुसऱ्यांदा पडला.

देवानंदनं स्वतः लावून बघितला. तिसऱ्यांदा पडला. चुंबक उचलून त्यानं ख्वाजामियाँच्या हातात दिला.

"म्हणजे हा रजिस्टरातला खांब नाही."

"न्हाई."

"मग तुमचं आमच्याकडं काहीच नाही. जे नाही ते परत कसं करू?"

कचरूचं टाळकं फिरलं. "अहो, म्हणजे लोखंड म्हणलं तर मियाँचं न्हाई, अन् मियाँचं म्हणलं तर इथं न्हाईच! डोळ्यापुढं उभा हाये की त्यो!"

तेव्हा नंदाबाई खराटा भिंतीला टेकवून पुढं आली. "देवानंदभाऊ, ह्यो रजिस्टरात न्हाई ना?"

"नाही."

"म्हंजी सरकारचा न्हाई?"

"नाही."

"मंग आवारात सरकारचं न्हाई असं जे पडलंय, त्याला आपण काय म्हणतो? कचरा. अन् कचरा फाटकाबाहेर टाकायचं काम कुनाचं?"

आणि मित्रांनो, तिनं माझ्यावरचा वाळका वेल ओरबाडून काढला, मला एका हातानं खांद्यावर घेतलं आणि फाटकाबाहेर नेऊन ठेवलं. जीपच्या बरोबर पुढ्यात. देवानंद मागनं ओरडला, "अगं, पण लोखंडी खांब एक दाखवायचाय ना लिलावात!" नंदाबाई वळून म्हणाली, "हापशाचा जुना पाइप पडलाय की मोरीमागं. त्यो लोखंड हाये. लावा चुंबक."

तिथंच सुटकेचा श्वास टाकून निघून जायचं, तर ख्वाजामियाँ परत आत गेले. कचरू बाही ओढत होता. "चला मियाँ, जल्दी! मिळालं ना?"

ख्वाजामियाँ देवानंदसमोर उभे राहिले. "एक सांगा. माझ्या नावावर काहीच न्हाई, तर माझ्या बोलण्यावर जी बंदी होती, ती कुठं लिहिलीय?"

देवानंदनं कपाट उघडलं. त्र्याण्णव ते शहाण्णवच्या सगळ्या फायली काढल्या. तास गेला. शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, "कुठंच नाही, चाचा. कागदावर अशी बंदी कधी नव्हतीच. चौकशीसुद्धा नाही."

साहेब, ऐकलंत? नव्हतीच. तुम्ही तोंडानं बोललात, जीपमध्ये बसलात आणि गेलात. आणि ह्या माणसानं तुमचं तोंडचं वाक्य कायदा समजून अकरा वर्षं सांभाळलं.

ख्वाजामियाँ खाली बसले. पाणी प्यायले. मग कागद मागून घेतला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: "माझा ॲल्युमिनियमचा अँटेना मिळाला. तो अकरा वर्षं कोणत्या कारणासाठी ठेवला, आणि मला कोणत्या कारणासाठी गप्प केलं, ते लेखी कळवावं." देवानंदनं त्यावर आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला. त्याच्या नोकरीत एवढा जोरात शिक्का त्यानं कधी मारला नसेल.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. वेटोळं नव्हतं, कचरूनं नवं भरलं. या वेळी विचारलं नाही, आपणहून बत्तीस फेरे दिले. चिनीमातीचं भांडं तडकलं होतं, दुसरं शोधून आणलं. मला उभं केलं. ख्वाजामियाँनी सेट चालू केला. काहीच नाही. नुसती खरखर. एक दिवस, दोन दिवस. सेटवरच्या मीटरचा काटा जागचा हलेना.

तिसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची मागं सारली. "तारा गेल्या असतील खाली. अकरा वरसं झाली. लोकांनी खोदलं असंल, तांबं कोण ठेवतंय? पुन्हा चोवीस नाल्या पाडायचं आता माझ्यानं होत न्हाई, कचरू. राहू दे."

कमरबी भाजी निवडत होती. ताट बाजूला ठेवलं. "कौन खोदा? मैं किसी को खोदने दी क्या?"

मग मला कळलं, मी नव्हतो तेव्हा इथं काय चाललं होतं. संडासाचा खड्डा अंगणात घ्यायचा होता, तो तिनं गोठ्यामागं घ्यायला लावला. अजीजुन्निसाचं, म्हणजे त्यांच्या लेकीचं, लग्न ह्याच अंगणात झालं. मांडववाला पहार घेऊन आला तर कमरबी आडवी उभी राहिली. तो म्हणाला, "भाभी, गड्डा केल्याबिगर मांडव उभा राहतो का?" ती म्हणाली, "हमारे यहाँ रहता." तेलाच्या चौदा डब्यांत वाळू भरून त्यांत खांब रोवले आणि लेकीचं लग्न लावलं. वऱ्हाडी हसले. नवऱ्याला मात्र यामागचं कारण तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. गप्प बसलेल्या माणसाला आणखी काय टोचायचं, असं तिला वाटलं असेल.

"खोद के देखो," ती म्हणाली. "एक बी तार कटी रही तो मेरा नाम बदल देव."

कचरूनं खुरपं घातलं. वीतभर खाली तांबं होतं, वरून हिरवं पडलेलं, पण अखंड. दुसऱ्या बाजूला घातलं, तिथंही. तिसऱ्या बाजूलाही. ख्वाजामियाँ कमरबीकडं बघत राहिले. मग जाग आल्यासारखे माझ्याकडं वळले. खालचं निम्मं शाबूत असेल तर दुखणं वरच्या निम्म्यात होतं. त्यांनी माझा पहिला जोड सोडवला, आत बोट फिरवलं. बोट चंदेरी झालं.

"कचरू."

"आं?"

"रंग कुणी दिला?"

"मीच की. तुमी भांडं आणायला गेल्ता तवा. अकरा वरसं उन्हापावसात होता बिचारा. म्हणलं, चांगला दिसंल."

"जोडाच्या आतनं?"

"आतनं दोन हात मारले! आत गंज धरू नये म्हणून."

"अरे, ॲल्युमिनियमला गंज? रंगातनं करंट जातो का?"

कचरूनं कपाळावर हात मारला. "मियाँ, जन्म गेला माझा तारेत! पण सगळेजण अकरा वरसं लोखंड लोखंड म्हणून राह्यले, तर माझ्याबी डोक्यात तेच घुसलं ना!"

मित्रांनो, खोटं एकदा रजिस्टरात बसलं की ते मित्राच्या हातातसुद्धा उतरतं. हे लक्षात ठेवा. जुनी वस्तू नीट करायची असेल तर आधी ती कशाची आहे ते विचारा, तिच्या घरच्यांना विचारा, हात लावून बघा. माणसाचंही तसंच.

तिघांनी मिळून पॉलिश पेपरनं माझे जोड घासले. आतून, बाहेरून, चकाकेपर्यंत. मला पुन्हा उभं केलं. ख्वाजामियाँनी सेट चालू केला, काटा सरसर वर चढला, आणि माझ्या अंगातून त्यांचा आवाज निघाला. अकरा वर्षांनी. आधी बसलेला, मग खाकरून मोकळा झालेला. आपलं हॅमचं नाव त्यांनी तीनदा सांगितलं आणि कान देऊन बसले.

सोलापूरहून उत्तर आलं. किल्लारीच्या त्या भूकंपाच्या वेळी उमरग्याच्या छावणीत बसून नावं वाचणारा तो माणूस होता. नाव ऐकताच ओरडला, "ख्वाजासाहेब? तुम्हीच ना? अहो, होतात कुठं इतकी वर्षं? आम्ही समजलो, गेलात!"

ख्वाजामियाँ हसले. बटण दाबलं. बोलायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याजवळ नाही. चोरी केली नाही, आजारी नव्हते, परवानाही चालू. मग सांगायचं काय?  ते म्हणाले, "कारण कचेरीला विचारलंय. त्यांनी कळवलं की सांगतो."

तेव्हापासून ते रोज बोलतात. शाळेतल्या पुष्पाबाई मास्तरीण बारा मुली घेऊन शनिवारी अंगणात येतात, हॅमच्या परीक्षेची तयारी करतात. माझं बरं चाललंय. पण रोज कुणी ना कुणी जुना माणूस भेटतो आणि तेच विचारतो, होतात कुठं?

साहेब, मी उभा आहे, जोड स्वच्छ आहेत, बत्तीस फेरे बरोबर आहेत. तुम्ही आज जिथं बदलून गेला असाल तिथून एक वाक्य पाठवा, मी ते सोलापूरला पोचवीन, सिलोनला पोचवीन, रशियालाही पोचवीन. सात महिने झाले. अर्जाला आवक क्रमांक आहे, शिक्का आहे. ह्या माणसाला गप्प का केलंत? सांगा. आम्ही ऐकतोय.